पेलेनाटोची फळी

आजवर पेलेनाटोनं एकतीस माणसं हवेत उचलली. त्यांत बरीचशी भुतं होती, दोन समुद्राच्या राण्या होत्या, एक मेलेला मास्तर होता आणि एक देवदूत होता. खाली पडला तो फक्त देवदूत. पण गावाचं असंच असतं. वर गेलेली तीस माणसं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पडलेला एक राहतो.

सवाईई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथं काळ्या खडकांतून गोड पाण्याचे झरे फुटतात आणि चार पावलांत खारे होतात, तिथं आमचं वाईउला. पेलेनाटो इथला छपरांचा सुतार. वय छप्पन्न. गावातल्या निम्म्या घरांचे वासे त्यानं चढवलेत. चक्रीवादळात जी छपरं उडाली त्यांत त्याचं एकही नव्हतं, हे तो स्वतः सांगत नाही, पण कुणी सांगायला लागलं तर हातातलं काम थांबवून ऐकतो.

त्याला उपाधी नाही. घराण्याची उपाधी ज्याला मिळते तो सभेच्या घरात खांबाला पाठ टेकून बसतो आणि त्याला प्रमुख म्हणतात. ज्याला मिळत नाही तो बाहेर चुलीपाशी असतो, अळूचे कंद खरवडतो, नारळाचं दूध पिळतो आणि जेवण घेऊन आत येतो. बसलेल्या प्रमुखापुढून जायची वेळ आली की कंबरेत वाकायचं, एक हात जमिनीकडे सोडायचा आणि हळूच म्हणायचं, 'तुलोऊ'. म्हणजे, आपल्यासमोरून जातोय, राग नसावा. आमच्याकडे पोर धड चालायला लागत नाही तोवर तुलोऊ म्हणायला लागतं. पेलेनाटोच्या घराण्यात तीनदा उपाधी द्यायची वेळ आली आणि तिन्ही वेळा ती धाकट्या चुलतभावांना गेली. वाकून वाकून त्याची पाठ फळांनी लगडलेल्या फांदीसारखी झाली, एवढंच.

आणि याच माणसाला दुसऱ्यांना वर उचलायचं वेड लागलं.

झालं असं की वीसेक वर्षांपूर्वी राजधानी आपियाहून चार पोरं कॅमेरा घेऊन आली. त्यांना भूत उडवायचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी भुताला उड्या मारायला लावल्या. चाळीस उड्या मारायच्या, दर उडीतला वरचा क्षण तेवढा ठेवायचा आणि ते क्षण एकाला एक जोडायचे, म्हणजे भूत तरंगत गेल्यासारखं दिसतं. चाळिसाव्या उडीला भुताच्या पोटातलं दुपारचं जेवण बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल आणलं. भूत स्टुलावर आडवं झोपवायचं आणि चित्र घ्यायचं. मग कॅमेरा तसूभरही न हलवता, भूत आणि स्टूल दोन्ही काढून रिकाम्या जागेचं चित्र घ्यायचं. नंतर एकावर एक ठेवून स्टूल तेवढं पुसून टाकायचं. युक्ती चांगली. पण तिला मागचं सगळं जागच्या जागी लागतं आणि आमच्या घरांना भिंती नाहीत. खांब आणि छप्पर. एका खांबाकडून पाहिलं की पलीकडच्या चौथ्या घरातली म्हातारी दिसते. मधल्या वेळात एक डुक्कर आलं, कोंबड्या गेल्या, म्हातारीनं कूस बदलली. शेवटी जे चित्र जुळलं त्यात भूत हवेत होतं खरं, पण त्याच्या पोटाखाली अर्धं डुक्कर होतं.

पेलेनाटो छपरावरून हे सगळं पाहत होता. तो खाली उतरला, त्या पोरांपुढून वाकून गेला आणि म्हणाला, "पुसायचं कशाला? लपवायचं."

त्याची फळी नीरफणसाच्या लाकडाची. सोळा फूट लांब, वीतभर रुंद. तेलाचं पिंप उभं करायचं, त्यावर जुन्या ट्रकच्या चाकाचा मधला फिरता भाग बसवायचा आणि त्यावर फळी. म्हणजे ती वरखाली होते आणि गोलही फिरते. फळीचा लांब भाग उडणाऱ्याकडे, आखूड भाग वजनाकडे. पिंप आणि वजन जास्वंदीच्या दाट कुंपणामागे. फळी कुंपणातून बाहेर येते ती थेट उडणाऱ्याच्या पाठीशी, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला तिचं फक्त टोक दिसेल, आणि ते टोक पायघोळ झग्यात जातं. टोकाला कंबरेएवढा गज, त्याला उडणाऱ्याला मऊ कापडानं बांधायचं.

पण खरी करामत पायांची. उडणाऱ्याचे खरे पाय झग्यात मागं दुमडायचे आणि खाली लोंबणारे पाय त्यानं लाकडातून कोरले.

"उभ्या माणसाची बोटं पुढे असतात," तो सांगायचा. "हवेतल्याची खाली. बघणाऱ्याला हे ठाऊक नसतं, पण त्याच्या डोळ्याला ठाऊक असतं."

वजन म्हणून पाद्रीणबाई मेरिपा बसायच्या. आमच्या पाद्रीबाबांची बायको. वजनदार बाई, आणि आमच्याकडे हे कौतुकानं म्हणतात. त्यांना फळीवर बसायला आवडायचं. "बसून पुण्य मिळणारं हे एकच काम," असं त्या म्हणत. देवदूत पडला त्याचं कारणही त्याच. मुलांच्या रविवारच्या सणासाठी सिनेमा काढणं चालू होतं. पोस्टातला कारकून पंख लावून वर गेला होता. तेवढ्यात पावाच्या गाडीचा भोंगा वाजला आणि पाद्रीणबाई सवयीनं उठल्या. देवदूत फळीबरोबर गर्रकन फिरून तुआगालूच्या अळूच्या वाफ्यात पडला. पडण्याआधी त्याचे पाय, खाली चटईवर बसून कोको पिणाऱ्या खुद्द तुआगालूच्या डोक्यावरून गेले होते.

तुआगालू म्हणजे गावाच्या वतीनं बोलणारा प्रमुख. बोलायला उठताना हातात उंच काठी आणि खांद्यावर काथ्याचा झुबका. त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडला की तो गावाचा होतो. मग तो मागं घेणं त्याच्याही हातात नसतं.

त्यानं पेलेनाटोला सभेत बोलावलं.

"पेलेनाटो, तुझा देवदूत माझ्या डोक्यावरून गेला."

"गेला, तुआगालू. माझी चूक."

"पाय धुतलेले होते का?"

"नवे मोजे होते."

"मग एक वेळ सोडतो. पण यापुढे कुणाचेही पाय बसलेल्या प्रमुखाच्या डोक्याच्या वर गेले, तर ती फळी कापायची. रविवारच्या शाळेला तीन बाकं कमी आहेत."

सभा हसली. तुआगालू हसला नाही. पेलेनाटो घरी गेला आणि त्यानं फळी छपराच्या वाशांवर ठेवून दिली. दोन पावसाळे ती तिथंच होती. फळी नसली की पेलेनाटो नुसता सुतार असायचा, आणि नुसता सुतार असताना त्याच्या घरावरून जाताना ठोकण्याचा आवाजही निराळा यायचा, सावकाश आणि मोजका.

मग ऑकलंडहून पत्र आलं. तिकडे आमची निम्मी माणसं आहेत. पोरं तिथंच जन्मली, त्यांना वाईउला म्हणजे आजोबांच्या फोटोतली जागा. नाताळच्या मेळाव्याला गावचा एक सिनेमा पाठवा, असं त्यांनी सभेला कळवलं, आणि त्यात आपले प्रमुख बसलेले दिसू देत. सभेला हे पटलं. काम पेलेनाटोच्या भाचीवर आलं. तिचं नाव फिलेमू, शाळेत शिकवते, कॅमेरा तिचाच. तिनं गोष्ट रचली ती वजन नसलेल्या मुलीची. आईनं तिला लहानपणापासून चटईला बांधून ठेवलेलं. एक दिवस गाठ सुटते, मुलगी वर उठते आणि सभा भरलेली असताना तिच्यासमोरून तरंगत जाते.

"सभेसमोरून चालत गेली तर नाही चालणार?" पेलेनाटोनं विचारलं.

"मामा, वजन नसलेली मुलगी चालत गेली तर मी सिनेमा कशाचा काढू?"

"माझी फळी जाईल गं."

"मग जाणार नाही असं काहीतरी करा. तुम्ही सुतार आहात ना."

पेलेनाटो तीन दिवस सभेच्या घराभोवती फिरत राहिला. आणि त्याला वाट सापडली. सभेचं घर चार फुटी दगडी जोत्यावर आहे. प्रमुख वर बसतात, अंगण खाली. मुलगी अंगणात गवतापासून दोनच वीत वर तरंगली, तर तिचं डोकंसुद्धा बसलेल्या प्रमुखांच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. आणि कॅमेरा गवतात पालथा झोपवला, तर दोन वितींचं आभाळ होतं.

तो दोरी घेऊन तुआगालूकडे गेला.

"काय मोजतोयस? माझी शवपेटी?"

"नाही, तुआगालू. आपल्या डोक्याची उंची. मुलगी त्याखाली राहायला हवी."

"बसल्याची का उभ्याची?"

"बसल्याची."

"मग थांब, जरा ताठ बसतो."

दोरीला गाठ मारून पेलेनाटो जायला निघाला, तेव्हा तुआगालू मागून म्हणाला, "पेलेनाटो, बाकांचं मी विसरलेलो नाही."

"मीही नाही."

उडणारी ठरली ओनोसाई. एकोणीस वर्षांची, बसथांब्यावर तळलेले गोड गोळे विकते. सभा असेल त्या दिवशी टोपली घेऊन प्रमुखांपुढूनही तीच फिरते. तिला उंचीची भीती नव्हती, खाली बघून हसू यायचं एवढंच. आठवडाभर सराव चालला. पाद्रीणबाईंच्या बाजूला फळीखाली पेलेनाटोनं एक ओंडका ठेवला. बाई बसल्या की फळी ओंडक्यावर टेकायची आणि ओनोसाई बरोबर दोन वीत वर थांबायची. तिथून पेलेनाटो दोरीनं फळी सावकाश फिरवायचा आणि मुलगी घरासमोरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायची. दोन बायका केळीच्या पानांनी वारा घालायच्या, म्हणजे केस आणि झगा हलता राहील. अठरा वेळा केलं, अठरा वेळा दोन वीतच.

सिनेमाच्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं. प्रमुख नवे झगमगीत सदरे घालून खांबांना टेकून बसले. फिलेमूनं त्यांना सांगितलं की मुलगी दिसली की रागानं पाहायचं. तुआगालू म्हणाला, "ते मला शिकवायला नको." ती गवतात पालथी झाली. पेलेनाटो दोरी धरून अंगणाच्या कडेला उभा राहिला. कुंपणामागचं त्याला काही दिसत नव्हतं.

आणि कुंपणामागं जे झालं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. महिला मंडळाच्या दोन बायका प्रमुखांचं जेवण ठेवून मागल्या बाजूनं चालल्या होत्या. त्यांना पाद्रीणबाई दिसल्या. पाद्रीबाबांची बायको, उघड्या फळीवर बसायच्या बेतात, एकटी.

"अगं बाई, एकट्याच बसतायत," एक म्हणाली.

"बरं दिसत नाही," दुसरी म्हणाली.

त्यांनी घरून चटई आणली. चटई नीट बसेना, खाली ओंडका आड येत होता, तो काढून बाजूला ठेवला. चटई अंथरली. पाद्रीणबाईंना मान देऊन मधे बसवलं आणि दोघी दोन बाजूंना टेकल्या. तिघींचं वजन जमेस धरलं तर एका लहानशा होडीएवढं भरेल. पाद्रीणबाई संकोचानं "नको गं" म्हणत होत्या, पण मान नाकारायचा नसतो.

पुढच्या बाजूला ओनोसाई वर आली. एक वीत. दोन वीत. पेलेनाटोनं दोरी ओढायला घेतली. मुलगी थांबली नाही. तिचे लाकडी पाय जोत्याच्या कडेच्या उंचीला आले, प्रमुखांच्या मांडीच्या उंचीला आले, छातीच्या उंचीला आले. फळी फिरतही होती, कारण दोरी पेलेनाटोच्या हातात होती आणि हात सरावलेले होते. ओरडावं तर चित्र बिघडतं, सोडावं तर मुलगी पडते. त्याला त्या क्षणी तीन बाकं स्पष्ट दिसली. रविवारच्या शाळेतली पोरं त्यांवर बसून पाय हलवत होती.

ओनोसाई पहिल्या प्रमुखासमोर आली तेव्हा तिचे पाय त्याच्या कपाळाच्या वर होते. आणि तिच्या अंगानं ते केलं जे ते रोज करतं. ती कंबरेत वाकली, उजवा हात खाली सोडला आणि म्हणाली, "तुलोऊ."

दुसऱ्यासमोरही तेच. हवेत, आठ फुटांवर, केस उडताहेत, पाय लोंबताहेत, आणि पोर वाकून वाट मागतेय. तिसरा तुआगालू. त्याला रागानं पाहायचं होतं. पण साठ वर्षं ज्याच्यापुढून माणसं वाकून गेली, त्याचं अंगही आपलं काम करतं. त्यानं पुढे आलेला पाय आत घेतला, तळहात उचलला आणि म्हणाला, "जा बाई, जा."

ती गेली. पलीकडच्या खांबापाशी पोचल्यावर कुंपणामागून बायका एकेक उठल्याची सळसळ ऐकू आली आणि फळी हळूहळू खाली उतरली.

पेलेनाटो गवतात मांडी घालून बसला. "माझी चूक," तो म्हणाला.

तुआगालू उभा राहिला होता. "पाय माझ्या डोक्याच्या वर होते?"

"होते."

"किती?"

"एक वीत."

"शनिवारी सभा सिनेमा बघेल. मग ठरेल."

चटईवाल्या दोघी आणि पाद्रीणबाई रडवेल्या होऊन त्याच्या घरी आल्या. "आम्ही सांगतो सभेला, चूक आमची," पाद्रीणबाई म्हणाल्या. "तुम्ही चूक केली नाहीत, मान दिलात," पेलेनाटो म्हणाला. "ओंडका बांधून ठेवायला हवा होता, तो मी ठेवला नाही." शुक्रवारी त्यानं करवतीला धार लावली. कापणारा दुसरा कुणी नको होता, वाकडी कापली तर बाकं डुगडुगतील. फळीवर कोळशानं तीन बाकांच्या खुणा केल्या. मग बराच वेळ तो फळीवर हात ठेवून बसला होता, एखाद्या म्हाताऱ्या बैलाच्या मानेवर ठेवावा तसा.

शनिवारी दुपारी शाळेच्या खिडक्यांना चटया लावून अंधार केला आणि भिंतीवर चादर ताणली. प्रमुख पुढे, बायका मागे, पेलेनाटो दारात. सिनेमा चालू झाला. आई मुलीला चटईला बांधते तिथं बायकांनी नाकं ओढली. गाठ सुटली. मुलगी वर आली. आणि मी सांगतो, आजवरच्या एकतीस माणसांत इतकं हलकं दुसरं कुणी दिसलं नाही. फळी नाही, गज नाही, नुसती एक मुलगी आणि तिच्या पायाखाली हवा.

ती वाकली. "तुलोऊ." मागच्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्यांदा वाकली, तेव्हा सगळी शाळा हसू दाबत होती. मग चादरीवर तुआगालू दिसला, त्याचा आत घेतलेला पाय दिसला, उचललेला हात दिसला आणि त्याचाच आवाज भिंतीवरून आला. "जा बाई, जा."

हसू एकदम थांबलं. सगळ्यांत थोरला प्रमुख लेमासू, जो सभेत वर्षातून दोनदा बोलतो, त्यानं मान वळवली.

"तुआगालू, हे कोण बोललं?"

"मी."

"गावाच्या वतीनं?"

चादरीवर मुलगी पलीकडच्या खांबापर्यंत तरंगत गेली. मग तुआगालू म्हणाला, "मी स्वतःच्या वतीनं कधी बोललोय?"

"मग तिनं वाट मागितली आणि गावानं दिली," लेमासू म्हणाला. "वाट दिल्यावर डोकं कुठं आणि पाय कुठं, हे मोजायचं नसतं."

तुआगालूनं खांद्यावरचा झुबका एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकला. तो असं करतो तेव्हा तो हरलेला असतो आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. "बाकांसाठी दुसरं लाकूड बघा," तो म्हणाला. "आणि पेलेनाटो, या गावात उडायला मनाई नाही. पण जो उडेल तो वाकेल."

"फळीवर कोळशाच्या खुणा केल्यात मी," दारातून पेलेनाटो म्हणाला.

"मग पुसून टाक की. मी येऊ का पुसायला?"

त्या दिवसापासून फळी छपरावर गेली नाही. ऑकलंडहून कळलं की तो एक प्रसंग त्यांनी चार वेळा मागं नेऊन पाहिला. आता दूरदूरची माणसं येतात. पेलेनाटोला उपाधी अजून नाही, तो अजून चुलीपाशीच असतो. पण फळीपाशी त्याचा शब्द चालतो.

गेल्या महिन्यात आपियाची एक मंडळी राक्षस घेऊन आली. मोठा राक्षस, तोंडाला काळं फासलेला, लाल दात. पेलेनाटोनं त्याला गजाला बांधलं, लाकडी पायांची बोटं खाली वळवली आणि कुठं वाकायचं ते सांगितलं.

त्यांचा पुढारी म्हणाला, "काका, हा राक्षस आहे. गावं खातो. तो कुणाला तुलोऊ कशाला म्हणेल?"

पेलेनाटोनं गाठ सोडायला घेतली.

"काय झालं?"

"काही नाही," पेलेनाटो म्हणाला. "मग त्याला चालत जाऊ दे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पाद्रीणबाई कुंपणामागून विचारत होत्या, बसू का उठू. थोड्या वेळानं राक्षसानंच तोंडातले लाल दात काढून हातात घेतले, कारण ते लावून त्याला तुलोऊ म्हणता येत नव्हतं, आणि दोनतीनदा म्हणून पाहिलं.

"आवाज जरा खाली," पेलेनाटो म्हणाला, आणि गाठ पुन्हा बांधली.